दोन रिपोर्ट, दोन रक्तगट : बाबांचा खरा गट कोणता?

आबोली | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे आहेत. गुडघा बदलायचं ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी ठरलंय. त्यांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. कारखान्याच्या ओळखपत्रावर बी, लायसन्सवरही बी. या मंगळवारी गावातल्या लॅबमध्ये बाकीच्या तपासण्यांबरोबर गट केला, तर रिपोर्टवर एबी पॉझिटिव्ह. सर्जन म्हणाले, ब्लड बँकेतूनच पक्कं करून घ्या. काल तिथे नमुना दिला आणि आज फोन आला : "गट लागत नाहीये, पुन्हा नमुना द्यावा लागेल."

का, असं विचारलं तर "फॉरवर्ड आणि रिव्हर्स जुळत नाही" एवढंच कळलं. रात्रभर झोप लागणार नाही अशी अवस्था आहे. माणसाचा रक्तगट बदलतो का? बाबांच्या रक्तात काही आजार आहे का? कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

---

सूक्ष्मदर्शी | शनिवार, रात्री ९.५२

आबोलीताई, मी सोळा वर्षं ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. सगळ्यात आधी : त्यांनी गट न देता तुम्हाला परत बोलावलं, हे त्यांनी योग्य केलं. मंगळवारचा रिपोर्ट बघून 'एबी' लिहून मोकळं होणं सोपं होतं.

आता फॉरवर्ड-रिव्हर्स म्हणजे काय ते. रक्तगट दोन बाजूंनी बघायचा असतो. फॉरवर्डमध्ये रुग्णाच्या लाल पेशी घेऊन त्यांत बाटलीतलं अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरवायला) घालतात. पेशींवर ए अँटीजेन (पेशीच्या पृष्ठभागावरची खूण) असेल तर अँटी-एमुळे पेशी एकमेकींना चिकटून गाठी होतात. रिव्हर्समध्ये उलटं. रुग्णाचं सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी) घ्यायचं आणि त्यात माहीत असलेल्या ए पेशी आणि बी पेशी घालायच्या. रक्तगट शोधणारे लँडस्टायनर यांनी १९०१ साली जे दाखवलं त्यावरच हे उभं आहे : जे अँटीजेन आपल्या पेशींवर नाही, त्याच्या विरुद्धची अँटीबॉडी (त्या खुणेला पकडणारं प्रथिन) आपल्या सिरममध्ये असते. बी गटाच्या माणसात अँटी-ए, ओ गटात दोन्ही, एबीमध्ये एकही नाही.

म्हणजे दोन्ही परीक्षा एकमेकींच्या साक्षीदार आहेत. साक्षी जुळली नाही की गट 'लागत नाही'. जुळेपर्यंत रिपोर्ट द्यायचा नसतो.

गट बदललेला असण्याची शक्यता फार कमी आहे. बहुतेक वेळा माणूस तोच, गट तोच, फक्त आधीच्या वेळी एकाच बाजूने पाहिलेलं असतं. उद्या नमुना द्यायला जाल तेव्हा त्यांना विनंती करा आणि प्रत्येक नळीत रिअ‍ॅक्शन किती प्लस आली ते लिहून आणा. शून्यापासून चार प्लसपर्यंत मोजतात. चार प्लस म्हणजे पेशींचा एकच घट्ट गोळा, एक प्लस म्हणजे बारीक बारीक गाठी आणि मागे गढूळ लाल पाणी.

---

सांगलीकर | शनिवार, रात्री १०.१५

ताई, काळजी करू नका. गट नाहीच कळला तरी ओ निगेटिव्ह रक्त सगळ्यांना चालतं ना? ते आधीच सांगून ठेवा म्हणजे झालं.

---

परळकर | शनिवार, रात्री ११.०४

सांगलीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे वाक्य अर्धवट खरं आहे आणि मुंबईत आमची सगळी हयात गेली ती उरलेलं अर्धं शिकवण्यात. मी निवृत्त आहे, पण या विषयावर गप्प राहता येत नाही.

१९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि सहकाऱ्यांनी एक असा रक्तगट शोधला की जगातल्या पुस्तकांत तो नव्हता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला आणि त्याला आपल्या शहराचं नाव मिळालं, बॉम्बे रक्तगट. या माणसांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणून फॉरवर्डमध्ये ते ओ दिसतात. पण ओ गटाच्या पेशींवर एच नावाचं मूळ अँटीजेन भरपूर असतं. ए आणि बी याच एचवर एकेक साखर चढवून तयार होतात. बॉम्बे गटात तो पायाच नसतो. त्यामुळे त्यांच्या सिरममध्ये अँटी-ए आणि अँटी-बीच्या जोडीला अँटी-एचही असते, आणि ती शरीराच्या तापमानालाही तितक्याच जोमाने काम करते. अशा माणसाला ओ निगेटिव्ह पिशवी लावली तर आत गेलेल्या पेशी फुटतात. जीव जाऊ शकतो.

हे ओळखायचं कसं? रिव्हर्समध्ये ए पेशी आणि बी पेशींच्या शेजारी तिसरी नळी ओ पेशींची लावायची. ओ माणसाचं सिरम ओ पेशींना हात लावत नाही. बॉम्बे माणसाचं सिरम तिथे चार प्लस देतं, आणि स्वतःच्या पेशींबरोबर मात्र शांत राहतं. मग त्याच्या पेशी अँटी-एच लेक्टिनने तपासायच्या, म्हणजे युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क. ओ पेशी त्यात घट्ट गाठी धरतात, बॉम्बे पेशी अजिबात नाही. एवढंच. एक जास्तीची नळी.

युरोपात हा गट दहा लाखांत एखादा. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक म्हणतात, आणि नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत जास्त. ही काही संग्रहालयात ठेवायची गोष्ट नाही, आपल्या आळीतली गोष्ट आहे. म्हणून मी प्रत्येक नव्या मुलाला सांगायचो : ओ पेशींची नळी वाचवू नकोस.

---

शिकाऊ_डीएमएलटी | रविवार, सकाळी ८.२०

परळकर सर, नमस्कार. मी डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजमध्ये प्रॅक्टिकलला फक्त स्लाइड करून घेतात. डिस्क्रिपन्सीची, म्हणजे फॉरवर्ड-रिव्हर्स न जुळण्याची, कारणं पाठ केलीत (रूलो, कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन, अ‍ॅक्वायर्ड बी, सबग्रुप), पण प्रत्यक्षात समोर आलं तर सुरुवात कुठून करायची हे कळत नाही. कुणी सांगेल का?

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, सकाळी ९.४५

बाळा, सुरुवात कागदापासून. नळीवरचं नाव, नोंदणी क्रमांक, फॉर्म, रजिस्टर. दुसऱ्याच माणसाचं रक्त नळीत असणं, ही शक्यता सबग्रुपच्या आधी तपासायची. मग नवा नमुना. मग पेशी सलाईनने तीन वेळा धुऊन तीच तपासणी ट्यूबमध्ये. निम्मे प्रश्न इथेच मिटतात.

उरले तर स्वतःला विचारायचं : घोटाळा पेशींच्या बाजूला आहे की सिरमच्या? जी रिअ‍ॅक्शन सगळ्यात अशक्त आहे तिच्यावर पहिला संशय. आणि वय, निदान, आधी रक्त चढवलंय का, कुठली औषधं चालू, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवजात बाळाला रिव्हर्स करायचंच नाही, पहिले चार महिने त्याच्या स्वतःच्या अँटीबॉडी नसतात, असतात त्या आईकडून आलेल्या. उलट ऐंशीच्या आजींच्या सिरममध्ये अँटीबॉडी इतकी थकलेली असते की रिव्हर्स रिकामं दिसतं. तेव्हा नळी पंधरा ते तीस मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवून परत बघायची, तरी नाही तर चार अंशांना. पण चार अंशांना ठेवताना ओ पेशी आणि ऑटो कंट्रोल (रुग्णाचं सिरम आणि त्याच्याच पेशी) शेजारी हवेतच, कारण थंडीत निरुपद्रवी अँटीबॉडीही जाग्या होतात.

एक प्रसंग सांगतो, तो मी विसरणार नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, न्यूमोनियाच्या एका बाईंचा नमुना आला. अँटी-ए चार प्लस, अँटी-बी चार प्लस, अँटी-डी चार प्लस. मी रजिस्टरमध्ये 'एबी पॉझिटिव्ह' लिहायला पेन उचलला होता. आमच्या मॅडमनी विचारलं, "कंट्रोल लावलास?" एबी पॉझिटिव्हमध्ये तिन्ही नळ्यांत गाठी होतात, म्हणून पेशी आपणहून तर चिकटत नाहीत ना, हे बघायला एक नळी नुसत्या सलाईनची किंवा अल्ब्युमिनची लावायची असते. लावली. तिच्यातही गाठी! आणि रिव्हर्समध्ये ए, बी, ओ, सगळ्या पेशी चिकटलेल्या. नळी हातात धरली तर भिंतीवर रक्ताचे कण दिसत होते, ऊब लागली की विरघळत होते.

कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन होतं ते. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूच्या न्यूमोनियानंतर असं होतं, शरीर स्वतःच्याच पेशींवरच्या आय अँटीजेनविरुद्ध अँटीबॉडी करतं. मॅडमनी नवा नमुना ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून आणवला, पेशी गरम सलाईनने धुतल्या, सिरम आणि पेशी वेगवेगळ्या गरम करून मग एकत्र केल्या. बाई निघाल्या ओ पॉझिटिव्ह. मी लिहिला असता तो गट आणि त्यांचा खरा गट यांत एका नळीचं अंतर होतं.

रूलो त्यामानाने सोपं. मायलोमासारख्या आजारात सिरममध्ये प्रथिनं इतकी वाढतात की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात. मायक्रोस्कोपखाली बघ, चळत ओळखू येते. नळीतलं सिरम काढून तेवढंच सलाईन घालून हलकं हलव. चळत मोडते, खरी गाठ मोडत नाही.

ल्युकेमियात ए अँटीजेन फिकं पडतं, आजार आटोक्यात आला की परत येतं. तिथे अ‍ॅड्सॉर्प्शन-इल्यूशन करावं लागतं : अँटी-ए त्या पेशींना चिकटू द्यायची, पेशी धुऊन काढायच्या आणि मग चिकटलेली अँटीबॉडी सोडवून दुसऱ्या ए पेशींवर तपासायची. पेशींवर डोळ्यांना न दिसणारं ए असलं तरी पकडलं जातं. अ‍ॅक्वायर्ड बी मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, आतड्याच्या कॅन्सरच्या एका आजोबांत. जिवाणूंचं एन्झाइम ए साखरेचा एक तुकडा काढून टाकतं आणि ती बीसारखी दिसू लागते. आजोबांच्या स्वतःच्या अँटी-बीला मात्र फसवता येत नाही, ती त्यांच्याच पेशींना चिकटत नाही. यावरूनच ते कळलं.

---

आबोली | रविवार, दुपारी १.३०

सूक्ष्मदर्शी सर, नमुना देऊन आले. तिथल्या ताईंनी कालचे आकडे लिहून दिले :

अँटी-ए : २ प्लस. अँटी-बी : ४ प्लस. अँटी-डी : ४ प्लस. कंट्रोल : शून्य.
ए पेशी : १ प्लस. बी पेशी : शून्य. ओ पेशी : शून्य. ऑटो कंट्रोल : शून्य.

यावरून काही कळतं का?

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, दुपारी २.१०

बरंच कळतं. अंतिम शब्द त्यांचाच, पण मला काय दिसतंय ते सांगतो.

कंट्रोल, ओ पेशी आणि ऑटो कंट्रोल तिन्ही शून्य. म्हणजे कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन नाही, रूलो नाही, बॉम्बेचा प्रश्नच नाही. आजाराची तुमची भीती यातून बरीच कमी व्हावी.

उरतं काय? बी घट्ट, ए जरा अशक्त, आणि सिरम ए पेशींना हलकं चिकटतंय. हे चित्र ए२बीचं आहे. ए गटाचे दोन मोठे उपप्रकार, ए१ आणि ए२. ए१ पेशीवर ए अँटीजेनच्या साधारण आठ ते अकरा लाख जागा, ए२वर अडीच लाखांच्या आसपास, आणि शेजारी बी असेल तर त्याहूनही कमी, कारण दोघं त्याच एचवर हक्क सांगतात. काही ए२बी माणसांच्या सिरममध्ये अँटी-ए१ अँटीबॉडी तयार होते. पुस्तकांत २२ ते ३५ टक्के दिलंय. नुसत्या ए२मध्ये हे प्रमाण एक ते आठ टक्के. रिव्हर्सला आपण ज्या ए पेशी वापरतो त्या ए१ असतात, म्हणून त्या चिकटल्या.

आता जुन्या कार्डावर 'बी' कसं आलं असेल ते बघा. कारखान्याच्या शिबिरात काचपट्टीवर थेंब, दोन मिनिटांत निकाल. अशक्त ए काचेवर सहज सुटतं. आणि कुणी रिव्हर्स केलं असतं तरी ए पेशी चिकटलेल्या, बी पेशी सुट्या, अगदी बी गटासारखंच दिसलं असतं! दोन्ही साक्षीदार एकाच चुकीवर सहमत. म्हणून हा सगळ्यात फसवा प्रकार.

आता ते दोन गोष्टी करतील. सिरम तीन वेगवेगळ्या ए१ पेशींवर आणि तीन ए२ पेशींवर लावतील : ए१ सगळ्या चिकटल्या, ए२ सगळ्या सुट्या, तर अँटी-ए१ पक्की. आणि बाबांच्या पेशी अँटी-ए१ लेक्टिनने तपासतील. शेवटी ३७ अंशांना ही अँटीबॉडी काम करते का ते बघतील. नाही केलं तर ती नुसती थंडीतली, रक्त देताना अडचण नाही. केलंच तर ए१ असलेल्या पिशव्या टाळून ए२बी, बी किंवा ओच्या लाल पेशी देता येतात.

---

परळकर | रविवार, संध्याकाळी ५.४०

त्या लेक्टिनबद्दल मला सांगू द्या.

अँटी-ए१ लेक्टिन म्हणजे डॉलिकॉस बायफ्लोरसच्या बियांचा अर्क. डॉलिकॉस बायफ्लोरस म्हणजे आपला कुळीथ! देशावरचे हुलगे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्ड या संशोधकांनी दाखवलं की या बियांचा अर्क ए१ पेशींना चिकटवतो. आमच्या काळी बाटली संपली की आम्ही बाजारातले कुळीथ आणून सलाईनमध्ये भिजवायचो, वाटायचो, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्यायचो. ते तसंच वापरायचं नाही. दाट अर्क ए२लाही चिकटतो. ए१ला घट्ट गाठी आणि ए२ला काहीच नाही, इथपर्यंत तो पातळ करत न्यायचा. आणि दर वेळी शेजारी माहीत असलेली ए१ आणि ए२ पेशी लावल्याशिवाय निकाल वाचायचा नाही.

ज्याचं पिठलं आपण भातावर घेतो, त्याच दाण्यात हा गुण आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

---

सोलापूरची_सुमन | रविवार, संध्याकाळी ६.२५

हुलग्याचं माडगं पिऊन वाढलेय मी. हे वाचून अंगावर काटा आला. खाल्ल्याने रक्ताला काही होत नाही ना सर?

---

परळकर | रविवार, संध्याकाळी ६.५०

नाही सुमनताई. शिजवल्यावर लेक्टिनचा जोर जातो. खुशाल प्या.

---

आबोली | रविवार, रात्री ११.४८

एक गोष्ट इथे लिहायची की नाही, याचा दिवसभर विचार केला. नाव कुणाला माहीत नाही म्हणून लिहिते.

माझा रक्तगट ए आहे. आईचा ओ. बाबांचा 'बी'.

बारावीला जीवशास्त्रात तो तक्ता आला तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं होतं. बी आणि ओ, मुलं बी किंवा ओ. ए कुठेच नाही. मी ते पान फाडून टाकलं. दादाचा गट बी आहे, त्याचं जुळतं. माझंच जुळत नाही. आईला विचारलं नाही, बाबांना तर नाहीच. सोळा वर्षं झाली. माझ्या बाळंतपणात गट परत तपासला तेव्हा 'चुकला असेल' म्हणून आशा केली होती, तो परत ए गटच आला.

सर, तुम्ही दुपारी ए२बी लिहिलंत तेव्हापासून माझे हात थरथरतायत. बाबा ए२बी असतील तर...?

---

सूक्ष्मदर्शी | सोमवार, सकाळी ६.३०

ताई, बाबा ए२बी असतील तर ते एका मुलाला ए२ देतात, दुसऱ्याला बी. आई ओ, ती दोघांनाही ओच देते. म्हणजे मुलं ए२ किंवा बी. तुम्ही ए आणि दादा बी, दोघं त्याच तक्त्यात बसता.

एक तपासणी सुचवतो, फक्त तुमच्या मनासाठी. तुमच्या पेशीही कुळथाच्या लेक्टिनने बघायला सांगा. बाबांकडून आलेलं ए हे ए२च असणार, म्हणून तुमच्यात लेक्टिन शून्य यायला हवं.

आणि हे मी इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितो, हात जोडून. कार्डावरच्या रक्तगटावरून कुणाच्या जन्माबद्दल काहीही ठरवू नका. काचेवरची घाईतली तपासणी, सबग्रुप, बॉम्बे गट, यांतलं काहीही तो तक्ता मोडू शकतं. बॉम्बे गटाच्या आईला एबी गटाचं मूल झाल्याचीही उदाहरणं आहेत, कारण तिच्यात ए किंवा बीचं जनुक असतं, फक्त पाया नसल्याने ते दिसत नाही. शाळेत तक्ता शिकवतात तेव्हा हे दोन शब्द सांगायला हवेत.

---

सांगलीकर | सोमवार, सकाळी ७.१५

आबोलीताई, काय लिहू कळत नाही. धीर धरा. रिपोर्ट आला की नक्की कळवा.

---

आबोली | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

रिपोर्ट आला. जसाच्या तसा लिहिते :

'एबी पॉझिटिव्ह, उपगट ए२बी. अँटी-ए१ लेक्टिन : निगेटिव्ह. सिरममध्ये अँटी-ए१ आढळली, ए१ पेशी ३/३ पॉझिटिव्ह, ए२ पेशी ३/३ निगेटिव्ह. ३७ अंशांना व अँटीग्लोब्युलिन टप्प्यावर निष्क्रिय.'

एबीची एक पिशवी क्रॉसमॅच करून (बाबांच्या सिरमशी तिच्या पेशी जुळतात का ते पाहून) बाजूला ठेवलीय, जुळली आहे.

मी माझाही नमुना दिला होता. ए पॉझिटिव्ह, लेक्टिन निगेटिव्ह. ताईंनी मला काचेतून नळ्या दाखवल्या. शेजारच्या ए१ पेशींचा लाल गोळा झाला होता आणि माझ्या पेशी नळी हलवली की धुरासारख्या सुट्या होत होत्या. बाबांच्या नळीतही तसंच. मी तिथेच रडले. त्यांना कारण माहीत नव्हतं, पाण्याचा ग्लास दिला त्यांनी.

घरी येऊन तक्ता परत काढला आणि या वेळी आईसमोर बसून. तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तू एकटीने एवढी वर्षं ठेवलंस?" बाबांना फक्त एवढं सांगितलं की तुमचा गट एबी आहे. त्यांना वाईट वाटलं ते लायसन्सचं, आता ते बदलायला किती खेपा पडतील म्हणून.

---

शिकाऊ_डीएमएलटी | मंगळवार, रात्री ८.३०

ताई, मी आज आमच्या सरांना भेटून विचारलं की प्रॅक्टिकलला ट्यूब आणि रिव्हर्स करून घ्याल का. शनिवारी घेऊ म्हणाले. ओ पेशींची नळी लावणार आहे.

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ९.००

ताई, ऑपरेशनच्या फाइलमध्ये सगळ्यात वर या रिपोर्टची प्रत लावा आणि एक प्रत बाबांच्या पाकिटात कार्डासारखी ठेवा. 'ए२बी, अँटी-ए१' हे शब्द त्यावर असू द्या. पुढे कधीही, कुठेही नमुना द्याल तेव्हा आधी तो कागद द्या, मग हात पुढे करा. तुमच्या फाइलमध्येही तुमचा 'ए२' लिहून ठेवा. आणि दादाला ऑपरेशनच्या दिवशी रक्तदान करायचं असेल तर ते बीच आहेत, त्यांचं काही बदललेलं नाही.

शुक्रवारी सकाळी लवकर जा. बाबांना माझा नमस्कार सांगा.